घड्याळाच्या काचेला क्रिस्टल काहून म्हणतात? (आणि डब्यातल्या पुड्यांवरची नावं)

चावीवाला
मंडळी जरा मदत पाहिजे. आजोबांचं खिशातलं घड्याळ आहे, वेस्ट एन्ड वॉच कंपनीचं, मागच्या उन्हाळ्यात आई कपाट आवरत होती तेव्हा हातातून पडलं आणि काच गेली. तेव्हापासून नागपुरात बर्डी झाली, इतवारी झाली, महाल झाला, सगळीकडे फिरून राहिलो, आणि सगळीकडे एकच उत्तर, भाऊ याची काच आता येत नाही, प्लास्टिकची कापून देऊ का. एका ठिकाणी तर त्यांनी विचारलं पण नाही, कापलीच, आणि वर डिंकासारखं काहीतरी लावून चिकटवली, ती मी घरी येऊन काढली.

मग कुणीतरी मोमिनपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या चाचांबद्दल सांगितलं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. चाचांना आता बारीक दिसत नाही त्यामुळे काम बंदच आहे, पण बसतात. त्यांनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा काढला, आत तीनेकशे काचा असतील, प्रत्येक पातळ कागदाच्या पुडीत, आणि काचेच्या मधोमध टिकलीएवढं गोल लेबल. म्हणाले डबाच घेऊन जा, तुझी मिळाली तर ठेव, बाकीचं परत आणून दे.

आता प्रश्न असा की पुड्यांवर जे लिहिलंय त्यातलं मला ढिम्म कळत नाही. लुनेट, मी-कॉन्केव्ह, लेन्टिल, चेवे, जिनिव्हा, अनब्रेकेबल. लेबलवर १८ १२/१६ असं काहीतरी आहे, मी समजलो किंमत आहे, अठरा रुपये बारा आणे. 😅 आणि एका जाडजूड काचेकडे बोट दाखवून चाचा म्हणाले, ये बिल्लौरी है, संभाल के. या नावांचा उगम कुणाला माहीत आहे का? आणि मुळात साध्या काचेला क्रिस्टल काहून म्हणतात बे?

जनता_१७_ज्वेल
पहिले डब्याचा फोटो टाक. एचएमटी पायलटची काच असेल तर मी घेतो.

चावीवाला
विकायला नाही भाऊ, डबा चाचांचा आहे.

महालकर
रुपये-आणे वाचून हसू आलं, पण तू फार चुकला नाहीस. ते माप आहे. जुन्या फ्रेंच मापात एक इंच म्हणजे बारा लीन्य (स्पेलिंग बघून आपल्याकडे लिग्न म्हणतात), एक लिग्न म्हणजे २.२५६ मिलीमीटर. काचेचं माप यापेक्षा बारीक लागतं म्हणून लिग्नचे सोळा भाग करायचे. म्हणजे १८ १२/१६ हे पावणे एकोणीस लिग्न, मिलीमीटरमध्ये ४२.३. सोळाचा हिशेब असल्यामुळे आपल्याकडच्या जुन्या लोकांना हे माप तोंडपाठ असायचं, रुपयाचे सोळा आणे तसे लिग्नचे सोळा. फ्रान्सनं मीटर आणून दोनशे वर्षं झाली तरी घड्याळवाल्यांनी लिग्न सोडलं नाही, आजही मशीनचं माप त्यातच सांगतात.

तुझ्या घड्याळाची कडी (काच ज्या गोल पट्टीत बसते ती) काढ आणि व्हर्नियरनं आतली खाच मोज. तीन-चार दिशांनी मोज, जुन्या कड्या अंडाकृती झालेल्या असतात.

पुणेरी_लोलक
क्रिस्टल म्हणजे शुद्ध इंग्रजीचा अपभ्रष्ट वापर आहे. ब्रिटिश लोक ग्लासच म्हणतात. अमेरिकनांनी सुरू केलेली फॅशन, मालाला भारी नाव दिलं की भारी भाव मिळतो.

महालकर
अर्धं बरोबर. ब्रिटिश ग्लास म्हणतात हे खरं, पण फॅशन वगैरे नाही, याला आधार आहे. सोळाव्या शतकात जी पहिली अंगावर वागवायची घड्याळं झाली त्यांना काचच नव्हती, वर जाळीदार पितळी झाकण, भोकातून काटा बघायचा (एकच काटा असायचा, मिनिटाचा काटा नंतर आला). मग श्रीमंतांसाठी अख्खं घड्याळ खनिज स्फटिकात कोरायला लागले. रॉक क्रिस्टल, म्हणजे आपला स्फटिक, ज्याची माळ करतात तोच. सतराव्या शतकातली अशी घड्याळं म्युझियममध्ये आहेत, पूर्ण डबी पारदर्शक, आतली चाकं बाहेरून दिसतात. त्यानंतर साधी काच वापरायला लागले पण नाव स्फटिकाचं चिकटून राहिलं ते राहिलंच.

रसायनबाई
यात अजून एक पायरी आहे. काच स्वतःच तेव्हा क्रिस्टल म्हणवून घेत होती. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर पंधराव्या शतकाच्या मध्यात अँजेलो बारोव्हियेर नावाच्या कारागिराच्या हातून अगदी स्वच्छ, बिनरंगी काच तयार झाली, त्याआधीच्या काचेला हिरवट-पिवळट झाक असायची. ही स्फटिकासारखी दिसते म्हणून तिचं नाव पडलं क्रिस्तालो. पुढं लंडनला रेव्हन्सक्रॉफ्ट नावाच्या काचवाल्यानं १६७४ मध्ये शिसं घालून केलेल्या काचेचं पेटंट घेतलं, तिलाही आज लेड क्रिस्टल म्हणतात. गंमत म्हणजे रसायनशास्त्रात काच ही क्रिस्टलच्या बरोबर उलटी गोष्ट आहे, तिच्यात अणूंची शिस्तवार रचना नसतेच. बारावीच्या मुलांना हे शिकवताना दर वर्षी कुणीतरी विचारतंच, मग मॅडम घड्याळाच्या काचेला क्रिस्टल का.

आणि ग्रीक मूळ शब्द क्रुस्टालोस म्हणजे बर्फ. लोकांना वाटायचं स्फटिक म्हणजे इतका घट्ट गोठलेला बर्फ की परत वितळतच नाही. रोमन प्लिनीनंसुद्धा हेच लिहून ठेवलंय. म्हणजे आपण मनगटावर बर्फ बांधून फिरतो, मे महिन्यात नागपुरात. 🙂

जाता जाता, लॅबमध्ये आपण जी वॉच ग्लास वापरतो ना, बशीसारखी, तिचं नावही इथूनच आलं. जुन्या खिशातल्या घड्याळाच्या काचेसारखी दिसते म्हणून. डब्यातली एखादी मोठी काच उलटी ठेवून बघा.

चावीवाला
ताई उलटी ठेवून बघितली, हुबेहूब!! शाळेत त्यात मोरचूद घ्यायचो.

तर्री_पोहे
हे सगळं ठीक आहे पण लुनेट काय प्रकार आहे? मी तर लुनेट म्हणजे कडी, म्हणजे बेझल समजत होतो. स्विस पार्ट लिस्टमध्ये बेझललाच लुनेट लिहिलेलं असतं, मी स्वतः बघितलंय.

महालकर
दोन्ही बरोबर, आणि हाच घोळ आहे. फ्रेंचमध्ये ल्यून म्हणजे चंद्र, लुनेट म्हणजे छोटा चंद्र, चांदुकला म्हण ना. जे जे गोल आणि चकाकतं ते ते लुनेट. चष्मा लुनेट, दुर्बीण लुनेट, घड्याळाची कडी लुनेट. इंग्रजी बोलणाऱ्या व्यापाऱ्यांनी मात्र तो शब्द उचलून काचेच्या एका प्रकाराला लावला. म्हणून पुडीवर लुनेट असेल तर ती काच, आणि फ्रेंच पार्ट लिस्टमध्ये लुनेट असेल तर ती कडी.

हे प्रकार नीट कळायला काच कशी करायचे ते बघावं लागेल. फुंकणीनं काचेचा एक मोठा फुगा फुगवायचा, आणि त्या फुग्यातून गोल चकत्या कापायच्या. चकतीला जो बाक येतो तो फुग्याचाच बाक. फुगा लहान असेल तर काच जास्त फुगीर, मोठा असेल तर चपटी. अशी साधी, फुग्याच्या बाकाची काच म्हणजे ढोबळमानानं लुनेट. त्याहून जुन्या, अठराव्या शतकातल्या घड्याळांच्या काचा खूप उंच असतात आणि मधोमध एक गोल जागा घासून चपटी केलेली असते, तिला बुल्स आय म्हणायचे, बैलाचा डोळा. एकदा बघितली की नाव का पडलं ते सांगावं लागत नाही.

पण फुगीर काच म्हटलं की घड्याळ जाड होतं, खिशात टोचतं. एकोणिसाव्या शतकात घड्याळं पातळ व्हायला लागली तेव्हा काच पण पातळ पाहिजे झाली, पण काट्यांना वर जागा तर पाहिजेच ना. म्हणून चकती परत गरम करून साच्यावर बसवायचे, म्हणजे मधला भाग सपाट राहतो आणि फक्त कड खाली वळते, ताटलीसारखी. तीच चेवे.

सराफा_ओळ
चेवे वाचून थांबलो. आमचा धंदा खड्यांचा, इतवारीत. शेव्हे आमच्याकडं पण आहे! खडा फार गडद असला, विशेषतः तामडा (गार्नेट), तर त्याला खालच्या बाजूनं पोखरतात, वाटीसारखं, म्हणजे आरपार उजेड येतो आणि रंग उजळ दिसतो. फ्रेंचमध्ये त्या पोखरण्याला शेव्हे म्हणतात. म्हणजे घड्याळवाल्यांनी हा शब्द जवाहिऱ्यांकडून घेतला. वरून घुमट, खालून पोकळ. बरोबर जुळतंय. आणि उच्चार चेवे नाही, शेव्हे. पण इतवारीत चेवे म्हटलं तरी चालेल, कोण फ्रेंच येऊन राहिला इथं.

महालकर
वा, हे मला माहीत नव्हतं. मग मी-कॉन्केव्ह पण लगेच लागतं, फ्रेंचमध्ये मी म्हणजे अर्धं, अर्धी पोकळ. शेव्हेपेक्षा कमी खोल. जिनिव्हा हे गावाचं नाव, ते सोपं.

तर्री_पोहे
लेन्टिल म्हणजे मसूर ना? डाळ?? 😂

रसायनबाई
हो, मसूरच! लॅटिनमध्ये लेन्स म्हणजे मसूर. दोन्हीकडून फुगीर भिंगाचा आकार मसुराच्या दाण्यासारखा, म्हणून भिंगाला लेन्स नाव पडलं. फ्रेंचमध्ये आजही लांती म्हणजे मसूर आणि लांती म्हणजेच भिंग. पुडीवर लेन्टिल लिहिलेली काच मध्ये जाड आणि कडेला पातळ असेल, बघा. मधोमध धरून पेपर वाचला तर अक्षरं थोडी मोठी दिसतील.

चावीवाला
बघितलं. दिसतात. आई विचारून राहिली होती हे पोट्टं मघापासून काचांशी काय खेळतंय.

धरमपेठी
अनब्रेकेबल लिहिलेल्या पुडीतल्या काचा पिवळ्या पडल्यात का? पडल्या असतील तर बोटानं जोरात घास आणि वास घे. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. आणि मग ती पुडी डब्यातून ताबडतोब बाहेर काढ, चेष्टा नाही करून राहिलो. सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण, फिल्मची जुनी रिळं पेटायची ना, तेच. जुनं झालं की त्यातून आम्लाची वाफ निघते, बंद घड्याळात असेल तर काटे गंजतात, डायल जाते. आपल्याकडे ४५ डिग्रीत टिनाच्या डब्यात ठेवणं म्हणजे तर विचारूच नको. नाव अनब्रेकेबल, तुटत नाही हे खरंच आहे म्हणा, बाकी सगळं होतं.

माझ्याकडं एक स्विस घड्याळ आलं होतं, काच मधासारखी पिवळी, खालचे दोन्ही काटे तपकिरी, सेकंदाचा काटा हात लावल्यावर भुगा झाला.

चावीवाला
चौदा निघाल्या. कापूर!! देवघरातला वास. वेगळ्या काढून गॅलरीत ठेवल्या.

धरमपेठी
गॅलरीत ऊन नाही ना येत? सावलीत ठेव, उघड्यावर, आगीपासून लांब.

जनता_१७_ज्वेल
एचएमटीला प्लास्टिकच होतं ना? आमच्या बाबांच्या जनताला मी दर दिवाळीला टूथपेस्टनं घासतो, नवी होते.

धरमपेठी
हो, जनताला अॅक्रिलिक. सेल्युलॉइडनंतर ते आलं, १९३० च्या दशकात. एकच पदार्थ, पण जर्मनीत प्लेक्सिग्लास, इंग्लंडमध्ये पर्स्पेक्स, अमेरिकेत ल्युसाइट, प्रत्येक कंपनीचं आपलं नाव. पर्स्पेक्स लॅटिनवरून, आरपार बघणे. ओमेगावाले स्पीडमास्टरच्या काचेला हेसलाइट म्हणतात, ते पण अॅक्रिलिकच. नासानं १९६५ मध्ये ते घड्याळ अंतराळवीरांसाठी पास केलं, आणि यानात तुटली तरी तुकडे उडणार नाहीत अशी काच पाहिजेच होती. बाबांची जनता आणि चंद्रावर गेलेलं घड्याळ, काच एकाच जातीची. 😎

जनता_१७_ज्वेल
बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. ते म्हणाले माझं घड्याळ तरी रोज चावी देऊन चालते, त्यांच्या चंद्राचं त्यांना लखलाभ.

पुणेरी_लोलक
मग मिनरल ग्लास म्हणजे काय? काच खनिजापासूनच होते, वाळू. वेगळं मिनरल कशाला म्हणायचं? हे नाव तर अगदीच निरर्थक.

रसायनबाई
निरर्थक नाही. प्लास्टिकची काच आल्यावर फ्रेंचमध्ये तिला सेंद्रिय काच म्हणायला लागले, कार्बनी पदार्थ म्हणून. मग खऱ्या काचेला वेगळं ओळखायचं कसं, तर खनिज काच. चष्म्याच्या दुकानात पण हेच दोन शब्द चालतात. म्हणजे काच इतकी वर्षं नुसती काच होती, प्लास्टिक आल्यावर ती मिनरल झाली. मोबाइल आल्यावर घरचा फोन लँडलाइन झाला तसंच.

तर्री_पोहे
आणि सफायर? नीलम तर निळा असतो.

सराफा_ओळ
हे माझं क्षेत्र. नीलम आणि माणिक एकच दगड आहे, कुरुंद. शुद्ध कुरुंद बिनरंगी. क्रोमियम आलं की लाल, माणिक. लोखंड आणि टायटॅनियम आलं की निळा, नीलम. घड्याळाची काच म्हणजे कारखान्यात केलेला शुद्ध कुरुंद, व्हर्नोय नावाच्या फ्रेंच माणसानं १९०२ मध्ये ही रीत जाहीर केली. आणि आतले जे १७ ज्वेल असतात ना, चाकांचे आस ज्यात फिरतात ते खडे, ते पण त्याच रीतीनं केलेलं माणिक. म्हणजे सफायरवाल्या घड्याळात वर पण कुरुंद, आत पण कुरुंद. रोलेक्सनं सफायर पहिल्यांदा लावली ती १९७० च्या क्वार्ट्झ घड्याळाला.

टणकपणा बघा, मोह्सच्या एक ते दहाच्या मापात काच साडेपाचच्या आसपास, आपल्या रस्त्यावरच्या धुळीतली वाळू सात, कुरुंद नऊ. मेट्रोचं काम चालू होतं तेव्हा वर्धा रोडनं स्कूटरवर जाऊन माझ्या मिनरल काचेचं दुधी बल्ब झालं होतं, सफायरवाल्या भावाच्या घड्याळाला काही नाही.

आता मुद्द्याचं. इंग्रजी कोरंडम हा शब्द आपलाच आहे! तमिळ कुरुंदम, संस्कृत कुरुविंद. धार लावायच्या कुरुंदाच्या दगडातला कुरुंद तोच. आपल्या शेजारी भंडारा जिल्ह्यात सापडतो.

पुणेरी_लोलक
सफायरही संस्कृतच. शनिप्रिय → सफायर. नीलम शनीचा खडा, सगळं स्पष्ट आहे.

महालकर
काही कोशांत तशी शक्यता दिलीये, पण पक्की समजू नका. इंग्रजीत शब्द लॅटिनमधून आला, लॅटिनमध्ये ग्रीकमधून, आणि हिब्रूत तसाच सप्पीर आहे. शिवाय जुने ग्रीक ज्याला सफायर म्हणायचे तो नीलम नव्हताच, वर्णनावरून तो बहुतेक लाजवर्द (लॅपिस लाझुली). लाजवर्दाचा आणि शनीचा काय संबंध.

उलट चाचांचा बिल्लौरी बघा, तो मी सगळ्यात शेवटी ठेवला होता. फारसी-अरबीत बिल्लौर म्हणजे स्फटिक. मराठीत आला आणि बिलोर झाला, बिलोरी आरसा म्हणतो तो. आता हा बिल्लौर ग्रीक बेरुलोसशी जोडलेला, ज्याचं इंग्रजीत बेरिल झालं. आणि बेरुलोस आला प्राकृत वेरुलियवरून, म्हणजे संस्कृत वैडूर्य. इथून खडे जहाजात भरून पश्चिमेला गेले, नाव पण सोबत गेलं, आणि बिल्लौर होऊन घोड्यावर बसून परत आलं. जर्मन लोक चष्म्याला ब्रिल्ल म्हणतात, तो पण याच बेरिलचा नातू.

म्हणजे चाचा जे बिल्लौरी म्हणाले ते क्रिस्टलचं शब्दशः भाषांतर आहे, आणि क्रिस्टलवाल्यांच्या बर्फापेक्षा बरंच बरं. निदान दगडाला दगड म्हटलंय.

सराफा_ओळ
एक दुरुस्ती, वैडूर्य म्हणजे आज आम्ही लसण्या म्हणतो तो, कॅट्स आय. बेरिल वेगळं, पन्ना बेरिलमध्ये येतो. पण नावं अशी एका खड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतातच, त्याला इलाज नाही.

पुणेरी_लोलक
बिलोरीचं मान्य. शनिप्रियचं मी अजून सोडलेलं नाही.

चावीवाला
मंडळी अपडेट. कडी मोजली, चार दिशांनी, ४२.१ ते ४२.२. डब्यात १८ १२/१६ च्या तीन निघाल्या, दोन लुनेट आणि एक मी-कॉन्केव्ह. मी-कॉन्केव्ह ठेवून बघितली तर मिनिटाचा काटा काचेला टेकून राहिला. लुनेटला जागा आहे. आता बसवायची कशी? चिकटवू का?

महालकर
फेव्हिक्विक अजिबात नको, त्याच्या वाफेनं काच आणि डायल दोन्ही पांढरी होतात. कडी घड्याळापासून वेगळी कर, एकटी कडी थोडी गरम कर, हेअर ड्रायर पुरे. धातू किंचित फैलावतो. मग काच एका बाजूनं खाचेत घालून अंगठ्यानं बाकीची सरकव. टक् आवाज आला की बसली. कडक आवाज आला तर तुटली. दोन आहेत ना, घाई करू नको.

चावीवाला
पहिली तुटली. 😭

धरमपेठी
सगळ्यांची तुटते पहिली.

चावीवाला
दुसरी बसली!! आईला आणून दाखवलं, ती काहीच बोलली नाही, पदरानं पुसलं आणि चावी दिली.

आज डबा परत द्यायला गेलो होतो. तुटलेल्या काचेचं पण सांगितलं. पैसे विचारले तर चाचा नाही नाही म्हणून राहिले. मग मी त्यांना ते अठरा रुपये बारा आण्यांचं सांगितलं, माझा कसा घोटाळा झाला ते. इतके हसले की खोकला लागला, आणि म्हणाले बस, तो वही दे, अठारा रुपये बारा आने, पण बारा आने असली पाहिजे, चिल्लर चलेगी नहीं. आता कुणाकडं जुने आणे आहेत का?

जनता_१७_ज्वेल
माझ्याकडं तीन जुन्या चवन्न्या आहेत, बाबांच्या डबीतल्या. तीन चोक बारा. संध्याकाळी बर्डीला व्हरायटी चौकात ये. आणि घड्याळ घेऊन ये, बाबांना काच बघायची आहे.